विसाव्याचा दगड आणि भाऊंचा फ्लेक्स

देव नक्की कुठं कुठं नाही, हे आमच्या गावात एकाच माणसाला पाठ आहे. बिभीषण भिंगारदिवे. पिंपळाखाली नाही, दर्ग्यात नाही, ताईतात नाही, लिंबू-मिरचीत नाही, तिकडं लिंबागणेशच्या गणपतीतही नाही. आठवड्याचे सहा दिवस हा गवंडी, आणि रविवारी देवळात वचन सांगणारा. आमच्याकडं ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात. पत्र्याचं छप्पर, तेवीस घरांची मंडळी. नगरहून पाळकसाहेब महिन्यातनं एकदा येतात, बाकीचे रविवार बिभीषणच्या ताब्यात. गाव आष्टी तालुक्यातलं. नाव लिहीत नाही. लिहिलं की फोन येतात, आणि फोनवर मला नीट बोलता येत नाही, शिव्याच येतात.

ख्रिस्ती माणसाचं नाव बिभीषण कसं, असं लोक विचारतात. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकसाहेबांनी त्याच्या आईला, छबुबाईला, सांगितलं होतं की शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, काहीतरी ठेवा. छबुबाई म्हणाली, "हाकेला ओ देतोय न्हवं? मग ऱ्हाऊ द्या." तिला वाचता येत नाही, पण एकदा कानावर पडलेलं ती विसरत नाही. त्यामुळं त्या घरात एक वाचणारा आणि एक समजणारी, असे दोघं राहतात.

बिभीषणचा मूर्तिपूजेवरचा राग साधा नव्हता. मारुतीच्या सभामंडपाचं काम त्यानं घेतलं, खांब उभे केले, पायऱ्या बांधल्या, अगदी ओळंब्यात. पण गावकऱ्यांनी नारळ फोडायला घेतला, तेव्हा थापी, ओळंबा, घमेलं उचलून हा सरळ घरी. बायको वनमाला अंगणवाडीत मदतनीस आहे. संक्रांतीला तिथल्या बायांनी तिला वाण दिलं तर त्यानं तिळगुळाचे लाडू परत पाठवले, एक लाडू कमी. तो वनमालानं वाटेतच खाल्ला होता. कय्युमच्या पंक्चरच्या दुकानावर उभं राहून तो दर्ग्यावरच्या चादरीवर अर्धा तास बोलला. कय्युमनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बिभीषणभाई, चाकात हवा भरू, का तुमच्यातली संपू देऊ आधी?"

इथपर्यंत मजेचं होतं. विसाव्याच्या दगडाचं झालं, तेव्हापासून मजा गेली.

मयत नेताना खांदेकरी अर्ध्या वाटेत जिथं टेकतात, खांदा बदलतात, त्या जागेला विसावा म्हणतात. आमच्या ख्रिस्ती लोकांची दफनभूमी आप्पारावांच्या रानाच्या पलीकडं आहे. वाट रानातनंच जायची, आठ फुटांची, आणि वाटेच्या मध्यावर विसाव्याचा दगड. गुडघ्याएवढा, ओबडधोबड. छबुबाईची पहिली मुलगी तीन वर्षांची होऊन गेली, बिभीषणच्या आधी. बापानं लेकराला हातावर घेतलं, या दगडापर्यंत आला आणि दगडावर बसला तो उठेचना. दोघांनी बखोट्याला धरून उठवला. तेव्हापासून दर नाताळाच्या आधी घराला चुना देऊन उरलेला चुना छबुबाई त्या दगडाला देऊन यायची. फूल नाही, उदबत्ती नाही. नवरा पण पुढं त्याच वाटेनं गेला, लेकीशेजारी.

पाच वर्षांपूर्वी बिभीषणच्या डोळ्यांत तो चुना खुपला.

"आज चुना, उद्या शेंदूर, परवा शेपूट काढून मोकळे हुतेल!" असं देवळात ओरडून तो पहार आणि घण घेऊन निघाला. छबुबाई त्याच्यामागं. पोरगं ऐकत नाही म्हणताना ती दगडापुढं उभी राहिली.

"आरं, त्याला कुनी देव म्हन्लं का?"

"न्हाई म्हन्लं, पन म्हनतेल."

"तुजा बाप त्याच्यावर बसला व्हता. देवावर कुनी बसतं व्हय रं?"

उत्तर म्हणून त्यानं घण मारला. दगडाचे तुकडे देवळाच्या नव्या ओट्यात भरले आणि पुढच्या रविवारी त्याच ओट्यावर उभं राहून, विजय झाला, असं जाहीर केलं. छबुबाई त्या रविवारी आली नाही. गुडघे दुखतात म्हणाली. गुडघे तिचे तोवर ठणठणीत होते.

आता आप्पारावांच्या रानात ट्रॅक्टर चालवायचा गहिनीनाथ. हा लई भित्रा माणूस. मांजर आडवं गेलं तर चहा पिऊन परत निघणारा. विसाव्याला फाळ लावायचा नाही, ही त्याची भीती. म्हणून तो दरवर्षी दगडाला वळसा घालायचा, आणि त्या वळशापायी वाटही शिल्लक राहायची. दगड गेला. पुढच्या पेरणीला आप्पाराव म्हणाले, "आता कशाला वळतो बे? सरळ जाऊ दे." ट्रॅक्टर सरळ गेला, वाटेवर तूर आली, आणि आप्पाराव तोंड वर करून विचारायला लागले, "कुठला रस्ता? दाखवा ना."

दाखवायला एक दगड होता. तो आमच्या धर्मवीरानं फोडून ठेवलेला.

तेव्हापासून आमच्या मयती ओढ्यातनं जातात. उन्हाळ्यात ठीक. पण गेल्या भादव्यात मंजुळाबाई गेल्या, ओढ्याला छातीएवढं पाणी, आणि पेटी डोक्यावर धरून चाललेल्या सहांपैकी एकाचा पाय घसरला. पेटीत पाणी शिरलं. पलीकडं गेल्यावर पेटी तिरकी करून पाणी काढावं लागलं. मी तिथं होतो. ते पाणी निघताना जो आवाज झाला तो लिहीत नाही. छबुबाईनं तो काठावरनं ऐकला. संध्याकाळी माझ्या दारात येऊन म्हणाली, "मपली पेटी पान्यातनं जायची न्हाई. मला पोरीपशी जायचंय, पन कोरडं. वाट हुईस्तोवर मी मरत नसते. तू अर्ज लिही."

अर्ज मीच लिहितो गावातले. शाळा सातवीपर्यंत, पण माझा अर्ज तालुक्यातला वकीलसुद्धा दोनदा वाचतो. वहिवाटीचा रस्ता अडवल्याचा अर्ज केला. अर्जदार क्रमांक एक, बिभीषण. मंडळीचा चिटणीस तो, आणि दगड कुठं होता हे छातीठोक सांगू शकणारा माणूसही तोच. त्यानंच उपटला होता. नायब तहसीलदार मॅडम जागेवर येऊन पाहणी करणार, अर्जदाराचा जबाब घेणार. तारीख लागली, सोमवार, सकाळी अकरा. त्यानं एवढंच म्हणायचं होतं: वाट होती, दगड होता, मी काढला. शाळेतल्या पोराला पाठ होईल.

पण मधल्या काळात बिभीषणला भाऊ भेटले होते.

अमरसिंह भाऊ. जिल्हा परिषदेला एकदा आलेले आणि दोनदा पडलेले, पण फ्लेक्सवरनं कधीच न उतरलेले. आप्पाराव त्यांचे गावातले उजवे हात. एका उद्घाटनात भाऊंनी बिभीषणच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "गुरुजी, तुमच्यासारखी माणसं हायत म्हणून समाज टिकलाय." बस. आयुष्यभर विटा वाहून जो खांदा झुकला नव्हता, तो भाऊंच्या पंजाखाली झुकला. वनमाला सांगते, तो शर्ट चार दिवस धुवू दिला नाही. त्या क्षणाचा फोटो लॅमिनेट झाला. घरात वचनांचं कॅलेंडर जिथं होतं, तिथं फोटो आला. कॅलेंडर गेलं फ्रिजच्या बाजूला, तिथं ते फ्रिज उघडतानाही कुणाला दिसत नाही.

मग प्रत्येक गोष्ट भाऊंना विचारून. वनमालाचं माहेर युसूफ वडगावचं, भावाच्या घरभरणीला जायचं तर, "भाऊंचा दौरा बघून सांगतो." मंडळीचा कापणीचा सण कधी? "भाऊंची तारीख घेऊन सांगतो." भाऊ येतो म्हणायचे आणि यायचे नाहीत, आणि हा म्हणायचा, "न्हाई आले तरी त्यांचं ध्यान आपल्यावर हाय." मी म्हणालो, "बिभीषण, हे वाक्य तू आधी दुसऱ्या कुणाबद्दल म्हणायचा." तो म्हणाला, "तुला धर्मातलं काय कळतंय?" खरंय. मी देवळात मयतीला आणि नाताळाला जाणारा माणूस.

भाऊंचा वाढदिवस नेमका पाहणीच्या आदल्या दिवशी, रविवारी. आप्पाराव त्याच्या घरी आले. "गुरुजी, देवळात प्रार्थना ठेवा, भाऊंचा फोटो लावा. रस्त्याचं भाऊ बघतेल. सोमवारी त्या मॅडमपुढं लई रेटू नका. आपसात मिटवू." रस्ता ज्यानं नांगरला तोच सांगतोय की रस्ता मिळेल, आणि याचा विश्वास बसला. मला हे वनमालानं सांगितलं. म्हणून त्या रविवारी मीही देवळात जाऊन बसलो. कुणी मेलेलं नसताना.

आत गेलो आणि बघतच राहिलो. समोरच्या भिंतीवर दहा बाय आठचा फ्लेक्स. भाऊ हात जोडून, गॉगल लावून. डोक्यामागं सूर्यासारखी किरणं. खाली शुभेच्छुकांच्या फोटोंच्या तीन ओळी, आणि तिसऱ्या ओळीत सातवा, टपाल तिकिटाएवढा, बिभीषण. त्या भिंतीला खिळा एकच, क्रुसाचा. म्हणून क्रूस उतरवून बाजूच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत ठेवला होता, पाहुण्याला बसवावं तसा.

आणि आता ऐका. कोणत्या रविवारी शास्त्रातला कोणता भाग वाचायचा, याची यादी नगरहून येते. त्या रविवारचा भाग होता सोन्याच्या वासराचा. बिभीषणनं यादी पाहिली, बोट ठेवलं आणि घडाघडा वाचलं. त्याला काही म्हणजे काही लागलं नाही. उलट रंगातच आला.

"मंडळी, पुढारी डोंगरावर गेला. चाळीस दिवस झाले, पत्ता न्हाई. लोकांना दम निघंना. म्हनले, आमाला डोळ्यापुढं दिसंल असा देव पायजे! कानातलं काढलं, गळ्यातलं काढलं, वितळवलं, आन वासरू केलं. ज्यानं गुलामीतनं काढलं त्याला इसरले, आन वासरापुढं नाचले! आन मंडळी, ते वासरू कुनाच्या हातचं? मानसाच्या!" असं म्हणून त्यानं हात उंचावला, तो भाऊंच्या हनुवटीला लागला. फ्लेक्स हलला. भाऊ मान डोलावल्यासारखे दिसले.

मी हसलो. मागं दोघं-तिघं खोकले.

"आन वासरू करनाऱ्याला जाब इचारला, तर काय म्हनतो? मी काय केलं न्हाई, मी नुसतं सोनं आगीत टाकलं, आन हे वासरू आपोआप भाईर आलं! असं खोटं!"

छबुबाई पुढंच सतरंजीवर बसली होती. ती बसल्या जागेवरनं म्हणाली, "आन हे कुठनं भाईर आलं?"

"काय?"

"हे मागलं. हे कुठनं आलं, बिभीषण?"

तो मागं वळून बघून म्हणाला, "आये, मी काय केलं न्हाई. पोरांनी फ्लेक्स आनला, खिळा तितंच व्हता."

अख्खं देऊळ हसलं. पत्रा वाजला हसण्यानं. त्याला मात्र कळेना की लोक का हसतात. वाचून दाखवलेलं त्याचं त्यालाच ऐकू आलं नव्हतं.

"ही पूजा न्हाई," तो चिडून म्हणाला. "हा मान हाय. मान देनं येगळं!"

तेवढ्यात आप्पाराव दारातनं आत आले, हातात दुधाची किटली. आमच्या जिल्ह्यात आता पुढाऱ्याच्या फोटोला दुधाचा अभिषेक घातल्याशिवाय त्याचं वय वाढत नाही. "गुरुजी, तुमच्या हातानं दोन थेंब. व्हिडिओ काढायचाय, भाऊंना पाठवायचा."

बिभीषण थांबला. खरं सांगतो, थांबला. ज्यानं नारळावरनं काम सोडलं, लाडू परत पाठवले, आईचा दगड फोडला, तो माणूस दोन क्षण त्या किटलीकडं बघत राहिला. मग आप्पारावांनी मोबाईल वर धरला. त्यानं किटली घेतली आणि भाऊंच्या कपाळावर दूध सोडलं. दूध गॉगलवरनं, मिशीवरनं ओघळत शुभेच्छुकांवर आलं आणि तिसऱ्या ओळीतला सातवा भिजला.

"धूळ बसली व्हती," तो मंडळीकडं बघून म्हणाला. "धुतली."

छबुबाई सतरंजीवर बसल्या बसल्या हाताच्या आधारानं वळली आणि दाराकडं तोंड करून, फ्लेक्सला पाठ देऊन बसली. शेजारी वनमाला वळली. मग वनमालाच्या मागची. बायकांची सगळी बाजू वळली, मग पुरुष खुर्च्या सरकवायला लागले. शेवटचा आशीर्वाद बिभीषणनं बेचाळीस पाठींना दिला. आमेन कुणी म्हटलं नाही. आप्पारावांनी व्हिडिओ तरीही पाठवला म्हणतात. पाठी कापल्या असतील.

सोमवारी अकराला मॅडम आल्या, तलाठी घेऊन. बांधावर आप्पाराव, ट्रॅक्टरवर गहिनीनाथ, आम्ही पंधरा-वीस जण. छबुबाईला वनमालानं धरून आणलं होतं. मॅडमना घाई होती, त्यांनी कागद काढला आणि थेट विचारलं, "अर्जदार क्रमांक एक?"

बिभीषण पुढं झाला. इस्त्रीचा पांढरा शर्ट.

"इथून दफनभूमीला वाट होती आणि मध्ये विसाव्याचा दगड होता, असं अर्जात लिहिलंय. होता?"

त्यानं आप्पारावांकडं बघितलं. आप्पाराव मोबाईलमध्ये बघत होते.

"होता की नव्हता?"

"मॅडम," बिभीषण म्हणाला, "भाऊंना इचारून सांगतो."

"कोण भाऊ?"

तलाठ्यानं मान खाली घातली. मॅडम त्याला म्हणाल्या, "लिहा. अर्जदार क्रमांक एक यांनी, विचारून सांगतो, असे सांगितले."

आणि तलाठ्यानं ते खरंच लिहिलं. सरकारी कागदावर आहे. माझ्याकडं नक्कल आहे, कुणालाही दाखवतो. माझा हात चपलेकडं गेला होता. छबुबाईनं मनगट धरलं. "तू गप. तुज्या चपलेनं वाट न्हाई सापडायची." मग ती मॅडमपुढं झाली. "बाई, दगड व्हता. ह्यानंच उपटला, मपल्या लेकानं. देव हुईल म्हनून भ्यायला व्हता."

मॅडमना हसू आलं, ते त्यांनी आवरलं. "आजी, तुमचा जबाब घेते. पण तुम्ही अर्जदाराच्या आई. शेजारच्या रानातलं, तुमच्या मंडळीबाहेरचं कुणी सांगेल का?"

कोण सांगणार? रान आप्पारावांचं, गावातलं निम्मं काम आप्पारावांचं. सगळे आपापल्या पायांकडं बघायला लागले. छबुबाईनं हाक मारली, "गहिनीनाथ! तू सांग की बाबा."

आप्पाराव ओरडले, "गहिनीनाथ, ट्रॅक्टर घराकडं घे बे!"

गहिनीनाथनं ट्रॅक्टर चालू केला. आम्ही म्हणालो, संपलं. मग त्यानं तो बंद केला. खाली उतरला, चपला काढल्या, ढेकळांतनं अनवाणी चालत आला आणि तुरीच्या एका सरीत उभा राहिला.

"हितं व्हता. हितनं वळवायचो मी, सहा वर्सं. आठ फूट सोडायचो."

"बघ हं," आप्पाराव म्हणाले. "इचार करून बोल."

"केलाय, मालक. विसाव्यावर हुबं ऱ्हाऊन खोटं बोललो तर मपलं काय खरं न्हाई."

मॅडम म्हणाल्या, "पण दगड तर आता नाही."

"जागा हाय ना," गहिनीनाथ म्हणाला. मग त्यानं ट्रॅक्टरची किल्ली आप्पारावांच्या हातात नेऊन दिली.

हा तोच गहिनीनाथ, ज्याला बिभीषण वीस वर्षं आंधळा म्हणत आला. नसलेल्या दगडाला भिऊन तो खरं बोलला. आणि ज्याचा देव सगळं ऐकतो, त्याला आधी भाऊंना विचारायचं होतं. याच्यावर मला जास्त लिहायचं नाही. लिहायला लागलो तर कागद फाटेल.

तीन आठवड्यांनी आदेश आला. आठ फुटांची वाट मोकळी करा. मंडळीनं त्याआधीच बिभीषणचं वाचन काढून वनमालाला दिलं होतं. ती अडखळते, पण कशावर अडखळते ते तिला कळतं. आप्पारावांनी वाट मोकळी केली ती त्यांच्या पद्धतीनं: तुरी काढल्या, बाभळीच्या फांद्या तिथंच लोळवून ठेवल्या. आणि वाटेच्या तोंडाशी दोन दिवसांत फ्लेक्स. भाऊंच्या अथक प्रयत्नांतून ख्रिस्ती बांधवांना हक्काचा रस्ता. मी तो त्याच दुपारी फाडणार होतो. छबुबाई म्हणाली, ऱ्हाऊ दे, ऊन लागतंय, सावली पडती त्याची.

रविवारी प्रार्थना झाल्यावर ती म्हणाली, "चला, पायानं जाऊन यीन एकदा." बायका निघाल्या, मी निघालो. बिभीषण मागं, वीस हातांवर, आपण वेगळ्याच कामाला चाललोय असा. वाटेच्या तोंडाशी तो थांबला आणि फ्लेक्सवरच्या नावांच्या तिन्ही ओळी वाचायला लागला. डावीकडनं उजवीकडं, मग परत. आप्पाराव होते, भाऊंच्या मंडळाची पोरं होती. बिभीषण नव्हता.

छबुबाई काट्यांपुढं उभी होती, अनवाणी. ती वळून म्हणाली, "घावला का?"

तो फ्लेक्सपासून मागं सरकला.

"मग हिकडं ये, आन काटे काड. मला पुढं जायचंय."

बिभीषण आला. बाह्या वर न करताच वाकला आणि पहिली फांदी ओढली. काटा शर्टात घुसला, मनगटाला रक्त आलं. फांद्या लई होत्या. खिशातला मोबाईल वाजायला लागला. त्याचे दोन्ही हात बाभळीत. त्यानं आईकडं बघितलं.

"घ्यायचा तर घे," छबुबाई म्हणाली. "मी थांबते. आजवर थांबलेच हाय."

फोन वाजून वाजून थांबला आणि पुन्हा वाजायला लागला. त्यानं दुसरी फांदी ओढली.